सिंथेटिक बॅकअप फेल झाला? आधी लॉगचं फोल्डर आहे का बघा

डिसेंबर २०२४मध्ये व्हेरिटासचं नेटबॅकअप हे सॉफ्टवेअर कोहेसिटी कंपनीकडे गेलं. तेव्हापासून चर्चा एआयचीच जास्त. पण बिघाड झाला की मोठमोठ्या कंपन्यांचे इंजिनीअर अजूनही साध्या लॉग फाइलच उघडतात.

सिंथेटिक बॅकअप म्हणजे काय? यात मूळ सर्व्हरवरून सगळा डेटा पुन्हा वाचत नाहीत. जुना पूर्ण बॅकअप आणि त्यानंतरचे बदल जोडून नवा पूर्ण बॅकअप बनतो. नेटवर्कवरचा ताण वाचतो. पण मधला एक तुकडा जरी गहाळ असला तरी जोडणी अडकते.

तो तुकडा शोधायला तीन लॉग बघा: जोडणीसाठी 'बीपीसिंथ', कॅटलॉगसाठी 'बीपीडीबीएम', डेटाच्या वाचन-लेखनासाठी 'बीपीटीएम'. जॉबची वेळ धरून तिन्हींमधली पहिली एरर शोधा. शेवटची एरर बहुतेकदा नुसता परिणाम असतो.

खरी गोम पुढेच आहे. या लॉगचे फोल्डर सहसा आपणच आधी बनवावे लागतात. ते नसतील तर काहीच लिहिलं जात नाही. मग बसा, तोच बिघाड पुन्हा होण्याची वाट बघत! मालक बदलला तरी ही तयारी कंपनी करून देत नाही, ती आपणच करायची.