परक्यांशी कारभार

आंतरराष्ट्रीय युवक-विनिमयाची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून येतात तेव्हा त्यांत बहुधा रंगीबेरंगी ध्वज, एकमेकांच्या खांद्यांवर टाकलेले हात आणि एखाद्या लोकनृत्याचा पवित्रा एवढेच दिसते. आणि ती पाहून आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थ, सरकारी खर्चाने मुलांची सहल झाली, असा शेरा मारून पान उलटतो. शेरा सर्वस्वी खोटा नाही. अशा काही शिबिरांत सहलीपलीकडे खरोखरच काही घडत नाही. परंतु त्या छायाचित्राच्या आधी कित्येक महिने जो कारभार चाललेला असतो, जे मसुदे फाडले जातात, जी अंदाजपत्रके चारदा बदलतात आणि जो पत्रव्यवहार रात्री-बेरात्री होतो, त्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही. आणि आजकाल ज्याला प्रकल्प-व्यवस्थापन म्हणतात व ज्यासाठी आपल्याकडील पालक खाजगी वर्गांना भरमसाट शुल्क मोजतात, ते जर तरुण माणसाच्या अंगी कुठे मुरत असेल तर ते त्या कारभारातच मुरते, असे माझे मत आहे.

युरोपीय संघाच्या ‘इरॅस्मस प्लस’ योजनेतील युवक-विनिमय हे याचे चांगले उदाहरण. निरनिराळ्या देशांतील १३ ते ३० वयाच्या मुलामुलींनी, प्रवासाचे दिवस वगळता ५ ते २१ दिवस, एके ठिकाणी राहावे आणि स्वतः निवडलेल्या एखाद्या विषयावर, मग तो नदीचे प्रदूषण असो की ओस पडत चाललेली खेडी असोत, मिळून काम करावे, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. अर्जदार म्हणजे एखादी मातब्बर संस्थाच असली पाहिजे असा दंडक नाही. चार तरुणांचा नोंदणी नसलेला गटही, आपल्यातील एका सज्ञान प्रतिनिधीच्या सहीने, आपल्या देशातील मध्यवर्ती कार्यालयाकडे अनुदान मागू शकतो. अर्जाची मुदत ब्रुसेल्सच्या घड्याळाप्रमाणे दुपारी १२ वाजता संपते, आणि एका मिनिटाने उशिरा आलेला मसुदा, त्यातला हेतू कितीही उदात्त असला तरी, दप्तरी दाखल होत नाही. १०० पैकी निदान ६० गुण मिळाल्याखेरीज अर्ज पुढे सरकत नाही, आणि व्यवस्थापन हे तपासणीचे स्वतंत्र सदर असून प्रत्येक सदरात निम्मे गुण मिळवावेच लागतात; तेव्हा ज्याची कल्पना भव्य पण अंमलबजावणीची तजवीज भोंगळ, असा उमेदवार तिथल्या तिथे गारद होतो. एकविसाव्या वर्षी असे नापास होणे प्रकृतीला चांगले असते.

पैशाची रीत तर मोठी मासलेवाईक आहे. बहुतेक रक्कम माणशी, दरदिवशी ठरलेल्या दराने मंजूर होते. त्यामुळे पावाच्या प्रत्येक लादीची पावती कोणी मागत नाही, परंतु आलेल्या प्रत्येकाची हजेरीची सही मात्र लागते, आणि कबूल केलेल्या आठांपैकी दोघे आयत्या वेळी गळाले तर त्यांच्या वाटणीची रक्कम वजा होते, भाड्याने घेतलेल्या वसतिगृहाचा आकार मात्र तसूभरही कमी होत नाही. प्रवासखर्च ठरतो तो मूळ गाव आणि शिबिराचे ठिकाण यांमधील सरळ रेषेतील अंतरावर, आणि तोही टप्प्याटप्प्यांनी: १०० ते ४९९ किलोमीटर हा एक टप्पा, ५०० ते १,९९९ किलोमीटर हा पुढचा. आता ज्या डोंगरी गावातील मुलांना सरळ रेषेत ४९० किलोमीटर येण्यासाठी तीन गाड्या बदलाव्या लागतात त्यांना तुटपुंजी मंजुरी मिळते, आणि मोठ्या विमानतळाशेजारी राहणारा गट हजार किलोमीटरांवरून स्वस्त तिकिटाने येऊनही शिल्लक टाकतो. ही शिल्लक कोणाची? ती श्रीमंत गटाने खिशात घालावी, की सामाईक खात्यात टाकून गरीब गटाची तूट भरावी? कोणत्याही पाठ्यपुस्तकात या प्रश्नाचे उत्तर छापलेले नाही. ते चार देशांतील चार गटप्रमुखांनी, एकमेकांची तोंडे न पाहता, संगणकाच्या पडद्यावर वाटाघाटी करून ठरवायचे असते, आणि ठरल्यावर करारनाम्यात लिहून काढायचे असते. ज्याने हे एकदा केले त्याला तरतूद म्हणजे काय आणि वाटणी म्हणजे काय हे पुन्हा शिकवावे लागत नाही.

इथे कोणी रास्त शंका काढील की, हे सगळे आपल्या गल्लीतील गणेशोत्सव मंडळाचा खजिनदारही करतो. वर्गणीचे पावतीपुस्तक, मांडववाल्याचा तगादा, विसर्जनाचा बंदोबस्त आणि शेवटी सभेपुढे जमाखर्च, यांत त्याचेही व्यवस्थापनाचे शिक्षण होतेच की! होते, आणि उत्तम होते. महाराष्ट्रातील कितीतरी कर्त्या माणसांची पहिली शाळा मंडळाचा मांडव हीच होती. पण त्या खजिनदाराला एक मोठी सवलत मिळालेली असते, जी त्याला स्वतःलाही जाणवत नाही: तो सर्वांना ओळखतो आणि सर्व त्याला ओळखतात. मांडववाला ‘बघतो’ म्हणाला म्हणजे येणार नाही आणि ‘बघू ना दादा’ म्हणाला म्हणजे उद्या येईल, हे त्याला स्वरावरून कळते. त्याच्या नियोजनाचा अर्धाअधिक भाग कधी उच्चारलाच जात नाही, कारण तो उच्चारण्याची गरज नसते. आणि म्हणूनच तो खजिनदार पुढे परमुलुखात नोकरीस गेला, की आपल्या हाताखालच्या माणसांना काहीच कसे समजत नाही, याचे त्याला नवल वाटत राहते.

युवक-विनिमयात ही सवलत पहिल्याच दिवशी काढून घेतली जाते. स्वयंपाकघराच्या दारावर एक तक्ता लावलेला असतो. त्यावर कोणत्या दिवशी कोणत्या गटाने भाजी चिरायची, कोणी भांडी घासायची, शाकाहारी किती, डुकराचे मांस वर्ज्य असणारे किती, गव्हाचा पदार्थ न सोसणारे कोण, हे मांडलेले असते, आणि तो तक्ता आठवड्याभरात इतक्या वेळा खोडला जातो की शेवटी तो उत्खननातल्या थरांसारखा वाचावा लागतो. रात्रीच्या जेवणाची वेळ हा त्यातला पहिला कज्जा. स्पेनमधील मुलांना साडेनऊच्या आत भूक लागत नाही. फिनलंडमधील मुले पाच वाजताच ताटे शोधू लागतात. दोन्ही पक्षांना आपली वेळ ही निसर्गाची वेळ वाटते, आणि तिच्याविषयी बोलावे लागेल हे कोणाच्या स्वप्नातही आलेले नसते. ‘आठ वाजता’ म्हणजे नेमके आठ की आठच्या सुमारास. ‘काम झाले’ म्हणजे मसुदा तयार झाला की छापून भिंतीवर लागला. गटप्रमुख गप्प आहे म्हणजे त्याची संमती आहे की तो रागावला आहे, अशी एक-एक अध्याहृत गोष्ट उघड करून, तीही बहुधा कोणाचीच मातृभाषा नसलेल्या मोडक्या इंग्रजीत, बोलावी आणि लिहावी लागते. व्यवस्थापनशास्त्राच्या पंडितांनी कामाची विभागणी, जबाबदारीचा तक्ता, जोखमीची यादी अशी जी हत्यारे घडवली, ती या अडचणीपोटीच घडली. परंतु ज्याला ती अडचण कधी आलीच नाही त्याच्या हाती ती हत्यारे दिली, तर तो ती परीक्षेपुरती पाठ करतो आणि विसरतो. युरोप परिषद व युरोपीय आयोग यांनी मिळून युवक-कार्यकर्त्यांसाठी २००० साली प्रकल्प-व्यवस्थापनावर एक हस्तपुस्तिकाच काढली. पुस्तिका चांगली आहे. पण जेवणाच्या वेळेवरून एकदा भांडण झाल्यावर ती अधिक चांगली समजते.

परक्यांनी मिळून काम करण्याच्या या पद्धतीचा उगम एका अभियंत्याच्या हातून व्हावा हे मला सूचक वाटते. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९२० साली, पिएर सेरेसोल या स्विस अभियंत्याने फ्रान्समध्ये व्हर्दुनच्या रणभूमीलगतच्या एका उद्ध्वस्त खेड्यात निरनिराळ्या देशांतील मूठभर माणसे जमवली, त्यांत कालपरवापर्यंत शत्रू असलेले जर्मनही होते, आणि तोफगोळ्यांचे खड्डे बुजवणे, तात्पुरती घरे उभारणे अशी कामे सुरू केली. शांततेवर व्याख्याने देणाऱ्यांची त्या काळी वाण नव्हती. याने फावडी वाटली. जर्मन माणसांचे तिथे असणे स्थानिकांना रुचेना, आणि काही महिन्यांतच त्यांना तिथून निघावे लागले. काम अर्धवट राहिले, पण त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था निघाली. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला तेव्हा हाच सेरेसोल सोबत्यांना घेऊन तिकडे आला आणि पुढली काही वर्षे अधूनमधून येऊन खेड्यांच्या पुनर्वसनाच्या कामात राबला. याच संस्थेचे नाना देशांतील तरुण १९५० च्या दशकात वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांच्या आनंदवनात येऊन इमारतींच्या कामावर घाम गाळून गेले, तेव्हा ही परंपरा आपल्याला अगदीच अपरिचित आहे असे म्हणता येणार नाही.

सरकारांना हे शहाणपण नंतर सुचले. १९६२ च्या सप्टेंबरात लुडविग्सबुर्ग येथे फ्रान्सचे अध्यक्ष जनरल द गॉल यांनी जर्मन तरुणांपुढे जर्मन भाषेत भाषण केले. पुढील वर्षीच्या जानेवारीत त्यांनी आणि जर्मन चॅन्सेलर आडेनाउअर यांनी दोन्ही देशांच्या मैत्रीच्या एलिझे तहावर सह्या केल्या, आणि त्याच वर्षीच्या ५ जुलैला फ्रँको-जर्मन युवक कार्यालय स्थापन झाले, ज्याचा खर्च दोन्ही सरकारे समसमान उचलतात. आजवर ९० लाखांहून अधिक तरुण त्या कार्यालयाच्या योजनांतून सीमा ओलांडून गेले आहेत. आकडा मोठा आहे, म्हणून त्यातील प्रत्येकजण शहाणा होऊन परतला असे मात्र मी मानीत नाही.

कारण या पद्धतीला कीडही लागलेली आहे, आणि ती नेमकी तिच्या मर्मस्थानी लागलेली आहे. अर्जाची भाषा जसजशी दुर्घट होत गेली तसतसे अर्ज लिहून देण्यात वाकबगार असलेले लोक पुढे आले. मुलांच्या नावाने मसुदा लिहिणारे, मुलांच्या नावाने हिशेब जुळवणारे आणि मुलांच्या नावाने अंतिम अहवालात त्यांची प्रगती वर्णन करणारे प्रौढ लोक. मग मुलांच्या वाट्याला उरते ते इन्फोपॅक नावाची माहितीपुस्तिका वाचून सामान भरणे, सकाळी वर्तुळ करून एनर्जायझरचा खेळ खेळणे आणि शेवटच्या दिवशी युथपासचे प्रमाणपत्र घेणे. या युथपासवर आपण काय शिकलो याचे वर्णन तरुणाने स्वतःच लिहावयाचे असते. कल्पना वाईट नाही, कारण आपण काय शिकलो ते नीट शब्दांत मांडणे हे अवघड काम आहे. पण ज्याने काहीच केले नाही तोही ‘नेतृत्व’ आणि ‘सांघिक कार्य’ हे शब्द त्यात बिनदिक्कत लिहू शकतो, आणि लिहितो. एका विनिमयावरून दुसऱ्यावर असे ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करणारे हौशी प्रवासीही तिकडे तयार झाले आहेत. योजनेची ही दशा पाहिली की वाटते, मुलांच्या हातून कारभाराची मुखत्यारी काढून घेतल्याबरोबर सगळा विनिमय पुन्हा त्या छायाचित्रापुरता उरतो.

भारतीय तरुणांना इरॅस्मसच्या या युवक-विनिमयात सहसा प्रवेश नाही; युरोपाबाहेरील सहभागी त्यात येतात ते शेजारच्या प्रदेशांतून. त्याचे मला फारसे दुःख नाही, कारण परके लोक शोधण्यासाठी आपल्याला पारपत्र काढावे लागत नाही. साने गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले ते हेच जाणून. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या केंद्र सरकारच्या उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे, आणि ‘युवा संगम’ या नावाने एका राज्यातील विद्यार्थ्यांना दुसऱ्या राज्यात नेण्याचाही शिरस्ता सुरू झाला आहे. उपक्रम स्तुत्य आहेत. मात्र त्यांत यजमान शिक्षणसंस्था प्रवासाची, भोजनाची आणि प्रेक्षणीय स्थळांची इतकी चोख व्यवस्था ठेवतात की पाहुण्या मुलांना करण्यासारखे काही उरत नाही. परत आल्यावर ती कोणार्कच्या चाकाविषयी सांगू शकतात. दहा माणसांच्या आगगाडीच्या आरक्षणातली चार तिकिटे प्रतीक्षायादीत राहिली तेव्हा काय केले, हे सांगू शकत नाहीत, कारण ती अडचण त्यांच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते.

माझी सूचना अगदी माफक आहे. कोल्हापूरच्या एखाद्या महाविद्यालयातील दहा आणि संबळपूरच्या एखाद्या महाविद्यालयातील दहा मुलामुलींना एका वर्षासाठी एक ठरावीक रक्कम द्यावी. विषय त्यांनी निवडावा, अंदाजपत्रक त्यांनी करावे, मराठी व उडिया मुलांनी ते एकमेकांना समजावून द्यावे, आणि दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्याखेरीज एक पैसाही खर्ची पडू नये. प्राध्यापकांनी सल्ला द्यावा, आणि तोही विचारला तरच. अखेरीस ताळेबंद दोन्ही महाविद्यालयांत सर्वांसमोर वाचला जावा, तुटीसकट.

लेखापरीक्षक याला आक्षेप घेतील हे उघड आहे. वयाने लहान असलेल्या विद्यार्थ्यांच्या सहीने सार्वजनिक निधी खर्चण्यास आधार कोणता, चहापानाच्या खर्चाची कमाल मर्यादा कोणी ठरवली, दोन राज्यांतील खरेदीचे दर वेगवेगळे का, असे लेखी खुलासे ते मागतील, आणि दोन-चार ठिकाणी तर पैसे खरोखरच वाया गेलेले त्यांना आढळतील. त्या आक्षेपांना मुदतीच्या आत द्यावयाचे उत्तर प्राचार्यांच्या कार्यालयाने लिहू नये. त्याचा मसुदाही मुलांनीच करावा, दोन्ही गावांच्या.