भत्ता मागायचा तर आधी पावती घ्या



दिवाळी झाली. भात झोडून झालं, नागली-वरई कणगीत पडली. यंदा पाऊसच धड लागला नाही, त्यामुळे कणगीचा तळ लवकर दिसणार. पाड्यापाड्यावर मुकादम फिरायला लागलेत. वीटभट्टीचा बयाणा हातावर ठेवायचा आणि पोराबाळांसकट अख्खं घर भिवंडी-वसईकडे न्यायचं, हे दरसालचंच आहे. म्हणून या अंकात रोजगार हमीच्या बेकार भत्त्याबद्दल लिहितो आहोत.

'बेकार' म्हटलं की आपल्या माणसाला राग येतो. आम्ही काय बसून खातो का, असं आयाबाया विचारतात. बरोबर आहे. लाकूडफाटा, पाणी, कंदमुळं, प्लॉटवरची दगडं वेचणं, यात दिवस कुठे जातो कळत नाही. पण कायद्यात बेकार या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. अठरा वर्षांवरचा माणूस, ज्याच्या घराचं जॉबकार्ड आहे, ज्याने अंगमेहनतीचं काम मागितलं आणि ज्याला १५ दिवसांत काम दिलं नाही, तो बेकार. काम मागितलंच नाही, तर तो सरकारच्या हिशेबात बेकार नाही, मग घरात चूल पेटो न पेटो. (बारावी झालेल्या पोरांनी लक्षात ठेवावं, सेवायोजन कार्यालयाचं कार्ड वेगळं. त्यावर हा भत्ता मिळत नाही.)

तहसीलवर गेलं की उत्तर ठरलेलं: "तुमच्या गावातून मागणीच नाही." आणि खरंच कागदावर मागणी नसते. कारण आपण ग्रामसेवकाला, रोजगार सेवकाला रस्त्यात गाठून सांगतो, "भाऊ, काम काढा ना." तो म्हणतो, "बघू." या 'बघू'वर किती उन्हाळे गेले! एका पाड्यावर तर लोकांनी फॉर्म भरून दिले, ते घेतलेही, पण पावती मागितल्यावर "पावतीपुस्तक संपलंय" म्हणाले. पावती नाही म्हणजे तारीख नाही. तारीख नाही तर १५ दिवस मोजायचे कुठून?

म्हणून नमुना ४ भरायचा, त्यावर किती दिवस काम पाहिजे ते लिहायचं, आणि नमुना ५ ची पावती तारीख-सहीसकट हातात घेतल्याशिवाय उठायचं नाही. ग्रामपंचायत घेत नसेल तर फॉर्म तहसीलदारांकडे द्या. आपल्या राज्यात तेच या योजनेचे कार्यक्रम अधिकारी आहेत. "शेल्फवर काम नाही" हे त्यांचं दुखणं आहे. त्यामुळे तुमचा हक्क जात नाही.

आता हिशेब बघा. २०१५-१६ मध्ये मजुरीचा दर १८१ रुपये होता, तोच धरून मोजू. १ डिसेंबरला अर्ज दिला आणि १६ तारखेपर्यंत काम निघालं नाही, तर १७ पासून भत्ता लागू. पहिले ३० दिवस निदान पाव मजुरी, म्हणजे ४५ रुपये २५ पैसे. त्यापुढे निदान अर्धी, ९० रुपये ५० पैसे. चाळीस दिवस काम दिलं नाही तर २,२६२ रुपये ५० पैसे होतात. देणं झाल्यापासून १५ दिवसांत ते हातात पडले पाहिजेत. मजुरीचा बहुतेक पैसा दिल्लीहून येतो, पण भत्ता राज्याने स्वतःच्या खिशातून द्यायचा असतो. पावती द्यायला हात का जड होतो, ते यातून कळेल.

आपल्या बाजूनेही सांभाळायला पाहिजे. काम दिल्याचं कळवलं आणि १५ दिवसांत हजर झालो नाही, किंवा महिन्यात न सांगता सलग आठवड्यावर गैरहजर राहिलो, तर तीन महिने भत्ता मागता येत नाही. काम मागता येतं, भत्ता नाही. मुकादम याचाच फायदा घेतो. अर्ज गावात आणि माणूस भट्टीवर, असं झालं की सगळं बाद. काम पाच किलोमीटरच्या पलीकडे दिलं तर नाही म्हणू नका, दहा टक्के जादा मजुरी मागा. शंभर दिवस भरले की त्या वर्षाचा भत्ताही थांबतो. ज्यांना वनहक्काचा दाखला मिळालाय आणि त्याशिवाय दुसरी खाजगी जमीन नाही, त्या आदिवासी घरांना आणखी ५० दिवस आहेत.

प्लॉटवाल्यांनी तर हे नीट ऐकावं. ज्यांचे दावे अजून पडून आहेत, त्यांची मोजणी, पंचनामा कधीही निघतो. घराला कुलूप आणि माणूस भट्टीवर असला तर प्लॉटची हद्द दाखवणार कोण? शेजारी दाखवेल, पण त्याचीही तीच गत असते. काम गावात मिळालं तर माणूस गावात राहतो. आणि ज्यांना दाखला मिळाला, त्यांना स्वतःच्या प्लॉटवर बांधबंदिस्तीचं काम याच योजनेतून घेता येतं. आपल्याच जमिनीवर राबायचं आणि वर मजुरी घ्यायची. भट्टीच्या उचलीपेक्षा हे कधीही बरं. ग्रामसभेत ठराव करून ही कामं आराखड्यात घाला.

पाड्याच्या बैठकीत फॉर्म एकत्र भरा. लिहिता न येणाऱ्यांचे फॉर्म शाळेत जाणाऱ्या पोरांनी भरून द्यावेत, खाली अंगठा चालतो. बायकांनी आपलं नाव वेगळं लिहावं, नवऱ्याच्या नावात धरून नाही. पावतीची झेरॉक्स कार्यकर्त्याकडे द्या, अस्सल घरी पत्र्याच्या पेटीत ठेवा. पंधरा दिवस भरले आणि काम निघालं नाही, की ज्यांच्याकडे पावत्या आहेत त्या सगळ्यांनी मिळून तहसीलवर भत्त्याचा अर्ज द्यायला जायचं आहे. भाकर बांधून या, संध्याकाळ होईल.