गॉथमचे पूल

'गॉथम' मालिकेच्या चौथ्या सीझनच्या शेवटी (२०१८) शहराला बाहेरच्या जगाशी जोडणारे पूल उडवतात. खलनायक, स्फोट, ज्वाळा, सगळं यथासांग! बघायला मजा येते हो, पण पूल पाडायला एवढा खटाटोप लागत नाही. मिनिआपोलिसचा मिसिसिपीवरचा आय-३५डब्ल्यू पूल १ ऑगस्ट २००७ च्या संध्याकाळी ऐन गर्दीत कोसळला. १३ माणसं गेली. कारण? सांधे जोडणाऱ्या काही गसेट प्लेट फक्त अर्धा इंच जाडीच्या. हव्या होत्या साधारण दुप्पट. चूक १९६० च्या दशकातल्या डिझाइनची. त्यात दुरुस्तीसाठी आणलेल्या वाळू-खडीचे ढीग त्या दिवशी पुलावरच. नेहमीच्या तपासणीत गंज बघतात, तडे बघतात. जुनी आकडेमोड कोण पुन्हा करतो? २००३ च्या फोटोंत त्या प्लेट वाकलेल्या स्पष्ट दिसतात. बॅटमॅन नको होता, कॅल्क्युलेटर घेऊन बसणारा कुणीतरी हवा होता.