फोटो काढा, पण हरणामागे धावू नका

दिवेलागणीला हरभऱ्यात काळविटं उतरतात आणि सकाळी शेंडे खुडलेले दिसतात, हे कर्जतकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. १९८० साली रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्य झाले. पण कळपाला हद्द कुठली कळते? मग भरपाईच्या अर्जाला फोटो हवा म्हणून पोरं मोटारसायकल काढतात आणि दिव्याच्या झोतात कळपामागे लागतात. हे थांबले पाहिजे.

बिथरलेला कळप उभे पीक तुडवीत सुटतो. बिनकठड्याच्या विहिरीत हरीण पडते, उद्या आपला पोरगाही पडेल. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे असा पाठलाग शिकारीत मोडू शकतो.

फोटो घ्यायचाच, तर सूर्य बुडाल्यावर पहिल्या वीसेक मिनिटांतच घ्या. कळप मावळतीकडे राहील असे बांधाआड बसा. उजळ आभाळावर नराची पिळाची शिंगे ठळक उठतात. फ्लॅश लांबवर पोचत नाही, नुसते डोळे चमकतात. तो बंदच ठेवा. कमी उजेडात हात हलला की चित्र फिसकटते, म्हणून मोबाईल दगडावर टेकवा. सकाळी खुरांचे ठसे, लेंड्या, खाल्लेले शेंडे यांचेही फोटो घ्या. मापासाठी शेजारी काडेपेटी ठेवा.

वनरक्षक आणि तलाठी साहेबांनाही एक सांगणे आहे. अंधारातला फोटो धूसरच येणार. त्यात जनावर ओळखू येत नाही एवढ्यावर पंचनामा अडवू नका. शेतात या, ठसे बघा, मग काय ते ठरवा.