उंदीर, सीताफळ आणि करिअर

शिर्डीला निघालेली गाडी राहात्यात थांबते ती पेरूंसाठी. याच तालुक्यात, लोणीला, मेडिकल आणि फार्मसीची कॉलेजंही आहेत. तिथून बाहेर पडणाऱ्यांसमोर नोकरी आणि दुकान यांच्यापलीकडचा एक रस्ता असतो, तो म्हणजे बायोमेडिकल रिसर्च. पण घरून पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे उंदीर मारणार?’

हो, तेही करावं लागतं. म्हणूनच कमल रणदिवे माहीत हव्यात.

जन्म पुण्याचा, १९१७ चा. वडिलांची इच्छा, मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. बाईंनी दोन्ही केलं नाही! १९४३ मध्ये एम.एस्सी. केलं ते सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर. मग मुंबईत डॉ. खानोलकरांच्या हाताखाली त्या कॅन्सरकडे वळल्या, १९४९ मध्ये पीएच.डी. झाली.

त्यांचं मुख्य काम उंदरांवरचं. सलग वीस पिढ्या सख्ख्या भावंडांचीच जोडी लावली, की उंदीर जवळजवळ जुळ्यांसारखे होतात. मग दोन गटांत एकाच गोष्टीचा फरक ठेवून आजाराचं कारण शोधता येतं. स्तनाचा कॅन्सर, हार्मोन्स आणि विषाणू यांचं नातं त्यांनी असंच तपासलं.

पण त्या पिंजऱ्यापाशीच थांबल्या नाहीत. काचेच्या बशीत पेशी वाढवणारी देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब त्यांनीच उभारली. आणि आपल्याच नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

आज नियम कडक आहेत. प्रयोगाआधी एथिक्स कमिटी विचारते, प्राण्याशिवाय हे जमणार नाही का? कमी प्राण्यांत भागेल का? वेदना कशा टाळणार? २०२३ पासून नव्या औषधांच्या नियमांत प्राण्यांविना करायच्या चाचण्यांनाही जागा मिळाली आहे. म्हणजे उद्याच्या संशोधकाला उंदीर आणि पेशी, दोन्ही यायला हवेत.

तेव्हा फॉर्म भरण्याआधी परवानगी काढून एखाद्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये दिवसभर थांबा. वास सहन होतो का, बघा. दिवाळीच्या पाडव्यालाही खाणंपाणी करायला यावं लागेल, हे घरी सांगून ठेवा. आणि सुई हातात घेताना काहीच वाटत नसेल, तर हे करिअर तुमच्यासाठी नाही.