विकतचा पास आणि फुकटचा पास

उपनगरी गाडीने रोज ये-जा करणाऱ्या माणसाला 'पास' या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. अंबरनाथ पूर्वेच्या पालेगावात गेल्या काही वर्षांत जी उंच गृहसंकुले उभी राहिली, त्यांतील बहुसंख्य कर्ते स्त्रीपुरुष या पासावरच जगतात. अंबरनाथ ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६० किलोमीटरचे. ते रोज दोनदा कापण्याचा हक्क पदरचे पैसे मोजून महिन्याच्या किंवा तिमाहीच्या आरंभी विकत घ्यावयाचा, त्याच्या जोडीला छायाचित्राचे ओळखपत्र बाळगावयाचे, तो दुसऱ्याला द्यावयाचा नाही आणि सुट्टीच्या दिवशी तो वाया गेला तर तक्रार करावयाची नाही, असा हा व्यवहार आहे. नियम कडक असले तरी ते सर्वांना ठाऊक आहेत आणि सर्वांना सारखे आहेत. हाच माणूस फुटबॉलचा सामना पाहावयास क्रीडांगणाच्या दारात गेला, की त्याच शब्दाचा अर्थ उलटा होतो. तेथे पास म्हणजे पैसे न मोजता, ओळखीपाळखीने किंवा पदाच्या जोरावर हाती पडलेला कागद. रांगेत उभा राहून तिकीट काढणारा तो सामान्य आणि पास मिळवणारा तो मान्यवर, अशी विभागणी आपल्या क्रीडाव्यवस्थेने इतकी अंगवळणी पाडली आहे की तीत काही गैर आहे, असे आयोजकांना वाटेनासे झाले आहे.

विकतच्या पासामागे काही बळ असते याचा अनुभव या भागाने घेतलेला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने साध्या लोकलच्या जागी वातानुकूलित लोकलच्या दहा फेऱ्या सुरू केल्या. साध्या पासावर त्या गाड्यांत चढता येत नसे. म्हणजे महिन्याचे पैसे आधीच भरलेल्या प्रवाशाची रोजची गाडी त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याची झाली. कळव्याला आणि बदलापूरला प्रवाशांनी निदर्शने केली आणि आठवडाभरात, २५ ऑगस्टपासून, त्या दहाही फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. वातानुकूलित गाड्या असाव्यात की नसाव्यात हा वाद वेगळा. येथे लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, आगाऊ पैसे देऊन ज्याने सेवा विकत घेतली त्याला न विचारता तिचे स्वरूप बदलता येणार नाही, हे तत्त्व रेल्वेसारख्या अवाढव्य यंत्रणेलाही मान्य करावे लागले. फुटबॉलच्या क्रीडांगणावर हे तत्त्व अद्याप पोचलेले नाही.

मुंबई सिटी हा संघ २०१४ साली इंडियन सुपर लीगबरोबर जन्माला आला. पहिली दोन वर्षे त्याचे घरचे सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले आणि २०१६ पासून ते अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात गेले. पालेगावच्या शौकिनाला नेरूळ एक वेळ बरे. ठाण्याला गाडी बदलली की काम भागते. अंधेरीला जावयाचे तर घाटकोपरपर्यंत लोकल, तेथून मेट्रोने आझाद नगर, आणि परतताना हाच क्रम उलटा करून शेवटी अंबरनाथ स्थानकाबाहेर रात्री रिक्षा शोधणे. लीगचे सामने बहुधा संध्याकाळी साडेसातला सुरू होतात, ते दूरचित्रवाणीच्या सोयीने. अंतिम शिटी वाजण्यास साडेनऊ होतात. मधल्या फळीने उभी केलेली चाल गोलपर्यंत पोचण्याच्या क्षणी प्रेक्षकाची नजर मैदानावर असावी की घड्याळावर, हा प्रश्न चर्चगेटला राहणाऱ्यास पडत नाही.

त्यातून पिशवीचा जाच. बहुतेक क्रीडांगणांवर पिशवी, पाण्याची बाटली, नाणी, मोबाइलला वीज पुरवणारी डबी यांना मज्जाव असतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने यात काही तथ्य आहे, हे मान्य. पण कामाच्या दिवशी सामना ठेवावयाचा आणि कचेरीतून वा कारखान्यातून थेट येणाऱ्या माणसाजवळ जेवणाचा डबा असलेली पिशवी असणार हे ध्यानातच घ्यावयाचे नाही, ती ठेवण्यास दाराशी जागा करावयाची नाही आणि आत गेल्यावर पाणी मात्र विकत घ्यावयास लावावयाचे, याला सुरक्षा म्हणणे कठीण आहे. ज्याची मोटार बाहेर उभी आहे त्याला ही बंदी जाणवत नाही. ती जाणवते गाडीने येणाऱ्याला. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणता प्रेक्षक असतो, ते यावरून ओळखावे.

महाराष्ट्रात फुटबॉलला प्रेक्षकच नाही, हे यावरचे ठरलेले उत्तर. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या याच मैदानावर भारताचा चिनी तैपेईविरुद्ध सामना झाला तेव्हा प्रेक्षक होते २,५६९. कर्णधार सुनील छेत्रीने त्या सामन्यात तीन गोल केले आणि नंतर लोकांना हात जोडून विनवले की टीका करावयाची असेल तर तीही करा, पण मैदानावर येऊन करा. केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याला भर पावसात ८,९९० लोक आले आणि तिकिटे संपली. लोक नव्हते असे नाही. त्यांना कोणी बोलावले नव्हते. आणि प्रेक्षकाची वाण असल्याचे ज्यांना सांगावयाचे असेल त्यांनी एकदा कोल्हापुरात जाऊन ते सांगून पाहावे. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमींचे आणि मंडळांचे सामने असले की शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात. तेथला प्रश्न नेमका उलटा, गर्दीच्या अतिरेकाचा आणि हाणामारीचा आहे. परंतु त्याच मातीतून अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतातर्फे खेळला, हे विसरून चालणार नाही. प्रेक्षक आणि खेळाडू ही एकाच शेतातील पिके आहेत.

खरी गोम आहे ती हंगामी तिकिटात. हंगामभराचे पैसे एकदम भरणारा प्रेक्षक नेमके काय विकत घेतो? एका संघाचे सगळे घरचे सामने, एका मैदानावरची एक खुर्ची, की केवळ संघाविषयीची सदिच्छा? हा प्रश्न तात्त्विक नाही. २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम महासाथीमुळे गोव्यात, बंद दारांआड झाला. मुंबई सिटीने साखळीत पहिले स्थान मिळवले आणि १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याला मोहन बागानला २-१ असे हरवून विजेतेपदही पटकावले. संघाच्या इतिहासातील तो सर्वात मोठा दिवस मुंबईच्या एकाही चाहत्याने मैदानावरून पाहिला नाही. त्याला इलाज नव्हता. २०२३ मध्ये मात्र इलाज असावयास हवा होता. आशियाई चॅम्पियन्स लीगचे सामने घरच्या मैदानावर भरवण्याची पाळी आली, तेव्हा अंधेरीचे मैदान त्या दर्जाचे नाही म्हणून मुंबईच्या संघाचा पहिला 'घरचा' सामना पुण्याला बालेवाडीत झाला आणि अल हिलालविरुद्धचा नेरूळला. (अंबरनाथ पुण्याच्याच वाटेवर आहे हे खरे, पण पुण्याकडे धावणाऱ्या बहुतेक गाड्या तेथे थांबत नाहीत, हेही तितकेच खरे.) पुढे २०२५ मध्ये तर हंगामच टांगणीला लागला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातील २०१० चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपत होता, तो पुढे चालवण्यावर एकमत होत नव्हते, आणि म्हणून त्या वर्षी सप्टेंबरच्या सुमारास सुरू व्हावयाची लीग वेळेवर सुरू झालीच नाही. करारावर सह्या करणारे दोन पक्ष होते. खेळाडूंनी जाहीर विनवण्या केल्या, संघांनी पत्रे लिहिली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गाजले. या सगळ्यात ज्याच्या पैशावर आणि घशावर हा खेळ चालतो, त्या प्रेक्षकाला मात्र कोणत्याच कागदावर पक्षकार म्हणून स्थान नव्हते.

खुर्च्यांच्या वाटपाचा हा रोग मुंबईला नवा नाही आणि तो फुटबॉलपुरताही नाही. चर्चगेटजवळ ब्रेबर्न स्टेडियम १९३७ पासून उभे असताना हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम का उभे राहिले, हे आजच्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट संघटना यांच्यात कसोटी सामन्यांच्या तिकिटांच्या वाटणीवरून बिनसले, आणि संघटनेचे अध्यक्ष व त्या वेळचे विधानसभेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी सुमारे तेरा महिन्यांत नवे स्टेडियम उभे करून दाखवले. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तेथे पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडचे अभिनंदन करण्यास धावत गेलेल्या प्रेक्षकाला पोलिसांनी मारले आणि नव्या कोऱ्या स्टेडियममध्ये दंगल उसळून खेळ थांबवावा लागला. हा झाला आरंभ. ३६ वर्षांनी, २ एप्रिल २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला, सुमारे ३३ हजार आसनांच्या याच स्टेडियममधील केवळ ४ हजार तिकिटे सर्वसामान्यांच्या विक्रीसाठी निघाली. बाकीची संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय मंडळ, पुरस्कर्ते आणि मान्यवर यांत वाटली गेली. थोडक्यात, दुसऱ्याने खुर्च्या दिल्या नाहीत म्हणून जे स्टेडियम बांधले गेले, त्याने सामान्य माणसाला आठ खुर्च्यांमागे एक देऊ केली. एका संस्थेच्या मक्तेदारीची जागा दुसरीने घेतली, एवढाच या स्थित्यंतराचा अर्थ.

डिसेंबर २०२५ मध्ये कोलकात्याला जे घडले, ते या पासवाल्या संस्कृतीचे टोक होय. लिओनेल मेस्सीला पाहण्यासाठी लोकांनी हजारो रुपयांची तिकिटे काढली. तो सॉल्ट लेक स्टेडियमवर आला तो पुढारी, अधिकारी आणि निमंत्रित यांच्या कड्यातच, आणि त्या कड्यातच लवकर निघूनही गेला. तिकीटवाल्यांना दिसल्या त्या पासवाल्यांच्या पाठी. मग खुर्च्या उखडल्या गेल्या. मोडतोडीचे समर्थन कोणी करणार नाही. पण दोष केवळ गर्दीचा, असे म्हणून फाईल मिटवणेही सोयीचे असले तरी प्रामाणिक नव्हे.

गर्दीला दोष देण्याची ही सवय जगभर आहे आणि तिची किंमत माणसांनी प्राणांनी मोजलेली आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. १९८९ मध्ये इंग्लंडमध्ये हिल्सबरोला झालेल्या चेंगराचेंगरीत एकूण ९७ जणांचा अंत झाला. तेथे पोलिसांनी प्रथम प्रेक्षकांच्याच बेफामपणाकडे बोट दाखवले. प्रेक्षकांचा दोष नव्हता, हा ज्यूरीचा निर्णय यावयास २०१६ साल उजाडावे लागले. दारे किती, ती कोणाच्या हातात, आतील माणसे कोठून बाहेर पडणार, या प्रश्नांची उत्तरे आधी देणे म्हणजे सुरक्षा. प्रेक्षकाच्या खिशातील नाणी काढून घेणे हा तिचा फार तर शेवटचा धडा असू शकतो.

अन्यत्र प्रेक्षक गप्प बसलेला नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूल क्लबने सर्वात महाग तिकीट ७७ पौंडांचे करावयाचे ठरवले, तेव्हा संडरलंडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार लोक उठून चालते झाले. संघ दोन गोलांनी पुढे होता. तो सामना बरोबरीत सुटला आणि चार दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. जर्मनीत सोमवारी रात्री सामने ठेवण्याविरुद्ध चाहत्यांनी असाच हट्ट धरला, कारण दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्याला दूरच्या गावाहून येणे अशक्य होते. २०२१-२२ पासून पहिल्या श्रेणीतील ते सोमवार गेले. त्याच देशात अनेक क्लबांच्या सामन्याचे तिकीट दाखवले की शहरातील गाडीचे वेगळे भाडे पडत नाही. तेथील क्लब पुण्यवान आहेत असे मुळीच नव्हे. पण तेथे रिकाम्या खुर्चीची त्यांना भीती वाटते. आपल्याकडे प्रक्षेपण आणि पुरस्कर्ते यांच्या हिशेबात रिकामी खुर्ची बसतच नाही. कॅमेरा दुसऱ्या बाजूस वळवला की झाले. बदलापूरचे प्रवासी आठवड्यात जे मिळवू शकले, ते फुटबॉलच्या चाहत्याला मिळत नाही, याचे कारण हे आहे. लोकल अडली तर मुंबई अडते. चाहता घरी बसला तर कोणाचेच काही अडत नाही.

म्हणूनच यात मैदानाच्या मालकाने लक्ष घालावयास हवे, आणि अंधेरीच्या बाबतीत तो मालक कोणी धनिक नसून मुंबई महानगरपालिका आहे. तिच्या वतीने बृहन्मुंबई क्रीडा व ललितकला प्रतिष्ठान हे संकुल चालवते. मैदान सार्वजनिक पैशाने उभे राहिले असल्याने, ते संघाला वापरण्यास देताना अटी घालण्याचा अधिकार प्रतिष्ठानाला निश्चितच आहे. प्रत्येक सामन्याच्या किती खुर्च्या विक्रीला काढल्या आणि किती पासांवर वाटल्या, हा आकडा सामन्याआधी जाहीर झाला पाहिजे. सामना दुसऱ्या गावी हलवला, बंद दारांआड झाला किंवा रद्द झाला तर हंगामी तिकीटवाल्याला किती रक्कम आणि किती दिवसांत परत मिळेल, हे तिकिटावर मराठीत छापलेले असावे. कामाच्या दिवशीचा सामना सातच्या आत सुरू व्हावा. प्रक्षेपणवाल्यांना ते रुचणार नाही, हे उघड आहे. म्हणूनच ती अट करारात हवी, आयोजकांच्या मर्जीवर नको. यासाठी नवा कायदा लागत नाही, आयोग लागत नाही. मैदानाच्या वापराचा पुढचा करार होईल तेव्हा त्यात ही कलमे घालावयाची आहेत, आणि पिशव्या ठेवण्याची खोली तर कराराची वाट न पाहता पुढच्या सामन्याच्या आत उघडता येईल.