दिवाणखान्यातला समुद्र आणि मोरीतले पिंप

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. कुणी कबुतरे पाळतो, कुणी जुनी नाणी जमवतो, तर आपल्या चाकण-भोसरी पट्ट्यात कुणी शर्यतीच्या बैलांवर घरदार ओवाळून टाकतो. अशा हौशी माणसांच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. परंतु पिंपरी-चिंचवडमधील काही घरांत एक नवी हौस शिरली आहे आणि तिच्याविषयी बोलताना लोक एक तर तोंडात बोट घालतात, नाही तर नाक मुरडतात. ही हौस म्हणजे घरात खाऱ्या पाण्याचे मोठे मत्स्यालय मांडण्याची. समुद्र घाटाच्या खाली, आपण साडेपाचशे मीटर उंचीवर. आणि या कारखान्यांच्या गावात समुद्र आणायचा, तोही दिवाणखान्यात!

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने या विषयात का पडावे, असे कुणी विचारील. माझ्या वडिलांचे भोसरीला वेल्डिंगचे लहानसे शेड आहे. दरवाजे, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे ही त्यांची नेहमीची कामे. गेल्या दोन वर्षांत त्यांच्याकडे काचेच्या मोठ्या टाक्यांखालचे लोखंडी स्टँडही येऊ लागले. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे बिले लिहिणे, मापे टिपणे ही कामे आपसूक माझ्याकडे आली. रविवारी स्टँड बसवायला आप्पांबरोबर मीही जाते. अशा चार टाक्या लोखंडाच्या अँगलपासून मासे सोडेपर्यंत मी पाहिल्या. म्हणून दोन शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

टाकी मोठी म्हणजे केवढी, याचा आधी हिशोब करू. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ५६६ लिटर पाणी मावते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन साडेपाचशे किलोंच्या वर. काच, वाळू आणि दगड धरले की आकडा पाऊण टनाकडे जातो. म्हणूनच आप्पा गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न माशांचा विचारीत नाहीत. खाली तुळई कुठून गेली आहे, हे विचारतात.

मग येते मीठ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. या हिशोबाने एवढ्या टाकीला वीसेक किलो मीठ लागते. स्वयंपाकघरातले मीठ त्यासाठी चालत नाही, कारण समुद्रात मिठाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम व इतर अनेक क्षार असतात. ते सारे योग्य प्रमाणात मिसळलेले मीठ बादल्यांतून विकत मिळते. नळाचे पाणीही तसेच ओतता येत नाही. ते आधी आरओ यंत्रातून गाळून घ्यावे लागते.

एवढे झाले तरी मासे लगेच सोडत नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विषासारखा असतो. एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य. डोळ्यांना न दिसणाऱ्या या कामकऱ्यांची वस्ती दगडांत आणि वाळूत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मालकाने रिकाम्या टाकीकडे पाहत बसायचे आणि रसायनाचे थेंब टाकून पाणी तपासायचे. पैसा कितीही असो, हे आठवडे विकत घेता येत नाहीत. मला या हौशीतली ही गोष्ट सर्वांत आवडली.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. खर्च मोठा आहे, यात शंका नाही. पाणी २५-२६ अंशांवर राखावे लागते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र आले. गुरुवारी वीज गेली की पंप बंद पडतो, पाण्यातला प्राणवायू कमी होऊ लागतो. म्हणजे बॅटरीची सोय आली. पण समुद्राचा तळ पाहण्याची ओढ काही श्रीमंतांनाच असते असे नाही. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाले, तेव्हापासून एका तिकिटात गिरणी कामगाराच्या मुलानेही तो तळ पाहिला आहे. ज्याची ऐपत आहे त्याने घरी पाहिला, म्हणून ती ओढ हलकी ठरत नाही.

दुसरा आक्षेप माझ्या आईचा आहे आणि तो मला अधिक बोचतो. टाकीचे माप ऐकून ती म्हणाली, “एवढं पाणी नुसतं बघायला?” आम्ही मूळचे लातूरचे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले, तेव्हा माझी आजी तेथेच होती. इकडे आमच्या शहरात नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड येऊ लागले आणि मोरीतले निळे पिंप घरातल्या माणसासारखे झाले. आईला पाण्याचा हिशोब लिटरमध्ये येत नाही, पिंपांत येतो. आणि आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर पाणी नळीवाटे बाहेर टाकते. म्हणजे एक टाकी पहिल्यांदा भरताना हजार ते पंधराशे लिटर पाणी गटारात! पुढे दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे, तर दर वेळी शंभर-दीडशे लिटर आणखी.

हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. पण त्याला उत्तर आहे. ते सोडून दिलेले पाणी घाण नसते. त्यात क्षार थोडे अधिक असतात, इतकेच. फरशी पुसायला, शौचालयात टाकायला ते चालते. नळीच्या तोंडाशी एक पिंप ठेवले की काम झाले. हजारो रुपयांचे दिवे घेणाऱ्या माणसाला एक पिंप जड नाही. माझे मत असे की, ज्याच्या घरी हे पिंप नाही, त्याला टाकी मांडण्याचा नैतिक अधिकार नाही.

तिसरा आक्षेप प्रवाळाचा. परदेशी चित्रफितींत दिसणाऱ्या टाक्या रंगीत प्रवाळांनी भरलेल्या असतात आणि तसेच आपल्याकडे असावे, असा मोह होतो. प्रवाळ हे फूल नव्हे आणि दगडही नव्हे. तो प्राणी आहे. त्याच्या कितीतरी जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे यांचा समावेश आहे. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. आपल्या महाराष्ट्रातही सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आहेत आणि १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. २०२० साली मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी व हाजी अली येथील प्रवाळ राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने उचलून दुसरीकडे लावावे लागले. एकीकडे एवढी यातायात आणि दुसरीकडे कुणीतरी तोडलेला तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून विकायचा, हे विसंगत नव्हे काय?

मग प्रवाळाशिवाय कसला समुद्र, असे कुणी म्हणेल. मी म्हणते, सच्छिद्र दगड रचावेत आणि पैदास केलेलेच मासे आणावेत. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाऊनफिशची टाकीतच पैदास करण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केव्हाच बसवले आहे. मी पाहिलेल्या चारपैकी एका टाकीत प्रवाळाचा तुकडा नव्हता. दगडांतून जाणारी ती जोडी पाहत आप्पा हातातले पाने विसरून उभे राहिले होते. सौंदर्याला चोरीचा माल लागत नाही.

इतके आक्षेप असताना मी या हौशीची बाजू का घेते? कारण स्वच्छ पाणी किती कष्टाने तयार होते, हे ती शिकवते. टाकीतले जीवाणू जे काम करतात, तेच काम त्यांचे भाऊबंद कासारवाडी आणि चिखलीच्या मैलाशुद्धीकरण केंद्रांत करीत असतात. साडेपाचशे लिटरांत अमोनियाचा थोडासा अंश चढला की मालकाची झोप उडते. मग तोच मालक पवनेच्या पुलावरून गाडीची काच वर करून कसा जातो? पवनेत मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या येतात, आळंदीला इंद्रायणीवर फेस दिसतो. तेथे अमोनिया किती, हे त्याला विचारावेसे का वाटत नाही? काचेच्या आत जी नजर आली, ती काचेबाहेर गेली नाही तर मग हे चोचलेच, आणि नाक मुरडणारे लोक बरोबर!

म्हणून आपल्या महाविद्यालयाला माझी एक सूचना आहे. टाकीचे पाणी तपासायला रसायनांच्या ज्या छोट्या बाटल्या मिळतात, त्यांतल्या अनेक गोड्या पाण्यालाही चालतात. निसर्ग मंडळाने तसा एक संच घ्यावा, महिन्यातून एकदा पवनेच्या घाटावर जावे आणि आलेले आकडे सूचनाफलकावर लावावेत. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, विज्ञानशाखाही लागत नाही. अक्षर वाचता आले आणि रंग ओळखता आला की पुरे. आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील पोट भरण्यासाठी या नद्यांच्या काठी आले. त्यांना नदीकडे पाहायला सवड मिळाली नाही. ती सवड शिक्षणाने आपल्याला दिली आहे. तिचा उपयोग आपण कुठे करायचा, हे आता आपणच ठरवायचे आहे.

— द्वितीय वर्ष कला